घरच्या संगणकासाठी मोडेम कोणता घ्यावा? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव शहर, तालुक्याचा पश्चिम पट्टा, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी आणि कागवाड या भागातून जे प्रश्न सतत येतात ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट असते. मोडेम आधी घेतला जातो आणि घरापर्यंत लाइन कोणती आलीय ते नंतर बघितलं जातं. हा क्रम बदला. सगळं पान वाचायची गरज नाही. आपला प्रश्न शोधा, दुसरं उत्तर लागत असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. मोडेम, राउटर, ओएनटी... दुकानदार प्रत्येक डब्याचं वेगळं नाव सांगतो. मी नक्की काय मागू?

बाहेरून तारेतून किंवा हवेतून आलेला सिग्नल संगणकाला कळेल अशा रूपात आणून देतो तो मोडेम. फायबरवर हेच काम करणाऱ्या डब्याला ओएनटी म्हणतात. आलेलं एक कनेक्शन घरातल्या फोन, टीव्ही, संगणकांना वाटून देतो तो राउटर. हल्ली दोन्ही कामं एकाच डब्यात असतात, म्हणून बोलताना सगळे मोडेमच म्हणतात आणि त्यात काही बिघडत नाही.

पैसे देताना मात्र डब्याची मागची बाजू बघा. टेलिफोनची छोटी पिन बसते असं सॉकेट असेल तर तो तांब्याच्या लाइनीचा. हिरव्या चौकोनी प्लगसाठी जागा असेल तर फायबरचा, मग त्यावर टेलिफोनचं सॉकेटही असलं तरी. सिमसाठी खाच असेल तर मोबाइल नेटवर्कचा. यातलं काहीच नाही, फक्त ‘वॅन’ (बाहेरची लाइन) लिहिलेलं एक सॉकेट आणि तीन-चार ‘लॅन’ (घरातली उपकरणं) असतील तर तो नुसता राउटर, त्याला बहुतेकदा पुढे मोडेम लागतो, अपवाद प्रश्न २ मध्ये आहे. सणाच्या ऑफरमध्ये राउटर घेऊन येतात आणि घरी आल्यावर फायबरचं टोक लावायला जागाच नसते, हा प्रकार फार होतो.

२. आमच्या घरात कोणती लाइन आलीय हे मला स्वतःला कळेल का?

कळेल. खांबावरून घरात येणारी फोनची किंवा इंटरनेटची तार (विजेची नव्हे) हातात धरून बघा. जुन्या टेलिफोनची तार म्हणजे आत तांब्याच्या दोन बारीक तारा. फायबरची तार काळी, चपटी किंवा गोल असते, तिला बहुतेकदा आधाराची एक स्टीलची तार जोडलेली असते आणि आत केसाएवढी काच. केबलवाल्याने निळी-करडी, आठ तारांची केबल थेट घरात टाकली असेल तर फायबर गल्लीतल्या पेटीपर्यंतच आलंय आणि तुमच्यापर्यंत साधी लॅन केबल आलीय. तेव्हा तुम्हाला मोडेम नकोच, चांगला राउटर पुरे. टीव्हीच्या डिशला लागते तशी जाड गोल केबल असेल तर ती कोअॅक्स. आपल्या भागात तिच्यावर इंटरनेट क्वचितच मिळतं.

गच्चीवर दुसऱ्या गावाकडे तोंड करून छोटी डिश बसवलेली असेल तर रेडिओ लिंक आहे. तिथेही खाली लॅन केबलच येते.

३. माळ्यावर जुना ५६ के डायल-अप मोडेम सापडलाय. लँडलाइन अजून आहे. तोच जोडला तर?

डायल-अप म्हणजे फोनच्या लाइनीवरून नंबर फिरवून जोडणं. इंटरनेटसाठी तो जोडू नका. ५६ के म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ५६ किलोबिट. प्रत्यक्षात ४५ च्या आसपास जोडला गेला तरी १० एमबीची एक फाइल उतरायला अर्धा तास लागतो. शिवाय पलीकडे फोन उचलणारी डायल-अपची सेवा चालू असावी लागते.

तरीही हा मोडेम फेकू नका, कारण मोडेम निवडण्याची मूळ गोष्ट त्याच्याकडून शिकता येते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला देशात सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्या काळच्या व्ही.३४ मानकाचा वेग २८.८ किलोबिट होता, तो पुढे ३३.६ वर गेला. १९९८ च्या व्ही.९० ने ५६ गाठले आणि २००० च्या व्ही.९२ ने अपलोड ४८ पर्यंत नेला. डब्यावर ५६ छापलेलं असूनही खेड्यात तो आकडा दिसायचा नाही, आणि त्यात मोडेमचा दोष नसायचा. ५६ मिळायला तुमच्या घरापासून कंपनीपर्यंतच्या वाटेवर अॅनालॉग-डिजिटल रूपांतर एकदाच व्हावं लागतं. गावचं एक्स्चेंज डिजिटल असलं तरी तिथून पुढची जोडणी अॅनालॉग असेल तर वेग ३३.६ किंवा त्याच्याही खाली यायचा. म्हणजे वेग डब्यापेक्षा लाइन ठरवते.

आपल्या जिल्ह्याला याचा खास संबंध आहे. सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने बनवलेलं खेड्यासाठीचं पहिलं स्वदेशी डिजिटल एक्स्चेंज १९८६ मध्ये कित्तूरला सुरू झालं. धुळीत आणि उन्हात, वातानुकूलित खोलीशिवाय चालेल असं ते बनवलं होतं. गावोगावी फोन पोचला तो अशा यंत्रांमुळे, आणि याचा अभिमान आपण बाळगायला हवा.

४. जुन्या संगणकांचा छंद आहे. दोन मशीन डायल-अपने जोडून मुलांना दाखवायची आहेत. कोणता मोडेम शोधू?

फार चांगला उपक्रम आहे. बाहेरून जोडायचा, नऊ किंवा पंचवीस पिनांच्या सीरियल पोर्टचा मोडेम घ्या. कार्डाच्या रूपातले स्वस्त पीसीआय मोडेम बहुतेक ‘विनमोडेम’ असतात. त्यांचं अर्धं काम संगणकाचा प्रोसेसर करतो, त्यामुळे ठरावीक विंडोजच्या बाहेर ते चालत नाहीत आणि लिनक्सवर त्रास देतात. बाहेरच्या मोडेमला दिवेही असतात, त्यामुळे फोन उचलला, कॅरियर (पलीकडच्या मोडेमचा सूर) मिळाला, माहिती आली-गेली हे मुलांना डोळ्यांनी दिसतं.

संगणकाच्या सीरियल पोर्टची चिप १६५५० जातीची आहे का ते बघा. तिच्यात १६ बाइटची साठवण असते. जुन्या ८२५० आणि १६४५० मध्ये ती नसते आणि वेग वाढला की अक्षरं गळतात. दोन मोडेम थेट तारेने जोडले तर डायल टोन मिळत नाही, म्हणून मध्ये ऑफिसात वापरतात तसा छोटा ईपीएबीएक्स (अंतर्गत फोनांचं एक्स्चेंज) ठेवा. टोन ओळखला नाही तर एटीएक्स३ ही आज्ञा दिली की मोडेम टोनची वाट न बघता नंबर फिरवतो.

दोन्ही बाजूंना असे घरगुती मोडेम असतील तर ५६ कधीच मिळणार नाही, कमाल ३३.६. कारण प्रश्न ३ मध्ये आहे.

५. बीएसएनएलची तांब्याची ब्रॉडबँड लाइन आहे. नवीन मोडेम घेतला तर वेग वाढेल?

फार थोडा वाढेल, आणि तोही जुना मोडेम खरंच खराब असेल तर. तांब्यावरच्या ब्रॉडबँडच्या एडीएसएल२+ या पद्धतीचा कागदावरचा वेग २४ मेगाबिट आहे, पण तो एक्स्चेंजच्या जवळच्या घरांसाठी. तारेची लांबी ३ किलोमीटरच्या पुढे गेली की वेग झपाट्याने उतरतो, ५ च्या आसपास एक-दोन मेगाबिटही नशिबाने मिळतात. त्यापुढच्या व्हीडीएसएल२ पद्धतीचे १०० मेगाबिट तर काहीशे मीटरपर्यंतच.

पैसे घालण्याआधी मोडेमच्या पानावर (ते कसं उघडायचं ते प्रश्न ११ मध्ये) ‘एसएनआर मार्जिन’ बघा, म्हणजे सिग्नल गोंगाटापेक्षा किती वर आहे तो आकडा. तो ६ डेसिबलच्या खाली असेल तर लाइन वारंवार तुटणार. अशा वेळी घरातले सगळे जोड आणि जादा एक्स्टेन्शन काढून मोडेम थेट पहिल्या सॉकेटला लावा, आणि फोनसाठी स्प्लिटर लावायला विसरू नका. एवढं करून आकडा सुधारला तर दोष घरात होता. नाही सुधारला तर दोष खांबापासून पुढे आहे, तो मोडेमने जाणार नाही. गावात फायबर आलं असेल तर याच पैशांत तिकडे वळा, नंबर जाईल अशी भीती असेल तर प्रश्न १३ वाचा.

६. फायबर घेतोय. कंपनीचा ओएनटी घेऊ की बाजारातून आपला आणू?

माझं स्पष्ट मत: ओएनटी कंपनीचा घ्या, राउटरवर आपले पैसे घाला.

ओएनटी नुसता जोडून चालत नाही. त्याचा सीरियल नंबर पलीकडच्या यंत्रात नोंदवावा लागतो, आणि काही कंपन्या बाहेरचा डबा नोंदवतच नाहीत. शिवाय फायबरच्या दोन जाती चालतात, जीपॉन आणि ईपॉन. जीपॉन उतरताना २.४८८ आणि चढताना १.२४४ गिगाबिटची लाइन सगळ्या वाटेकऱ्यांत वाटून देतं. केबलवाल्यांकडे पुष्कळ ठिकाणी ईपॉन असतं. एकाचा डबा दुसऱ्यावर चालत नाही. दोन्ही चालतात अशा डब्याला ‘एक्सपॉन’ म्हणतात. स्वतः घ्यायचाच असेल तर तोच घ्या, आणि घेण्याआधी लाइनमनकडून लेखी किंवा निदान मेसेजवर ‘आमच्याकडे चालेल’ एवढं घ्या.

कंपनीने दिलेल्या ओएनटीचं वायफाय बहुतेकदा कमजोर असतं. तो ‘ब्रिज’ मोडवर (नुसता सिग्नल पुढे देईल असा) टाकायला सांगा आणि मागे आपला राउटर लावा. पीपीपीओईचं (कंपनीच्या लाइनीवर लॉगिन करण्याची पद्धत) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक या तीन गोष्टी जोडणीच्या दिवशीच वहीत लिहून घ्या. लाइनमन परत गेल्यावर त्या मिळवायला आठवडा जातो. डिपॉझिट भरलं असेल तर पावतीवर डब्याचा सीरियल नंबर लिहून घ्या, परत करताना वाद होत नाही.

७. ओएनटीवर लाल दिवा लुकलुकतोय. डबा बदलू का?

नको. लाल ‘एलओएस’ दिव्याचा अर्थ प्रकाश पोचत नाही, आणि दहापैकी नऊ वेळा कारण तारेत असतं. ओएनटीच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ नावाचा आकडा दिसतो, म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद. उणे १५ ते उणे २५ डीबीएम असेल तर तब्येत ठीक. उणे २७ च्या खाली गेला की पावसाळ्यात लाइन येत-जात राहणार.

जांबोटीच्या पुढे एका घरात दर पावसाळ्यात ‘मोडेम खराब’ होत असे. भिंतीवरची पांढरी पेटी उघडली तर आत मुंग्यांनी माती भरलेली, हिरव्या प्लगच्या टोकावर ओल धरलेली, आणि फायबरचा जादा भाग बोटाला गुंडाळावा तसा आवळून कोंबलेला. माती काढली, टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, वेटोळं सैल केलं. उणे २८ वरून आकडा उणे २१ वर आला. डबा तोच होता, आजही तोच आहे.

म्हणून पेटी पावसाच्या माऱ्याच्या भिंतीवर नको. कणकुंबी-आमगावकडे पाऊस कसा आडवा येतो हे वेगळं सांगायला नको, तिथे पेटी घराच्या आतच घ्या. फायबरला तीन-चार सेंटीमीटरपेक्षा लहान वळण देऊ नका. आणि प्लगच्या टोकात डोळा घालून बघू नका, प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो.

८. ३०० मेगाबिटचा प्लॅन घेतला, संगणकावर ९४ च्या वर जातच नाही. कंपनी फसवतेय का?

आकडा नेमका ९३-९५ वर अडकत असेल तर कंपनी निर्दोष आहे, घरात कुठेतरी १०० मेगाबिटची मर्यादा आहे. स्वस्त राउटरचे लॅन सॉकेट अजूनही ‘फास्ट इथरनेट’, म्हणजे १०० चेच असतात. बॉक्सवर ‘१२००’ किंवा ‘१५००’ मोठ्या अक्षरात असतं, तो वायफायच्या दोन बँडचा कागदी बेरजेचा आकडा आहे. तुम्ही ‘गिगाबिट’ हा शब्द शोधा, तोही वॅन आणि लॅन दोन्हींपुढे.

सॉकेट गिगाबिट असूनही ९४ येत असेल तर केबल बघा. गिगाबिटला आठही तारा लागतात, चारच जोडल्या असतील किंवा एक तुटली असेल तर जोडणी गुपचूप १०० वर येते. प्लग दाबताना एक तार नीट न बसणं हा नेहमीचा प्रकार आहे. आणि संगणक जुना असेल तर त्याचं लॅन कार्डही १०० चंच असू शकतं.

९. चिऱ्याचं जुनं घर आहे. हॉलमध्ये वायफाय छान, मागच्या खोलीत शून्य. मोठ्या चार अँटेनाचा राउटर घेऊ?

अँटेना मोजू नका. दीड फूट जाडीच्या चिऱ्याच्या भिंतीपुढे, त्यातून भिंत पावसात ओली असताना, सगळेच राउटर हात टेकतात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण भिंतीत लवकर विरतो, २.४ हळू पण लांब जातो. सरळ उपाय म्हणजे मागच्या खोलीपर्यंत एक लॅन केबल ओढा आणि तिथे दुसरा साधा राउटर ‘अॅक्सेस पॉइंट’ म्हणून लावा. तुळईच्या कडेने केबल नेली की दिसतही नाही.

केबल ओढणं शक्यच नसेल तर मेश (एकमेकांना हवेतून जोडणारे डबे) घ्या, पण दुसरा डबा सिग्नल संपतो त्या खोलीत न ठेवता सिग्नल अजून चांगला आहे त्या दारापाशी ठेवा. पहिला राउटर लोखंडी कपाट, फ्रिज आणि पत्र्याच्या माळ्यापासून दूर. कौलारू घरात तो उंचावर, मधल्या खोलीत ठेवला तर पुष्कळ फरक पडतो.

वायफाय ६ घ्यावं का, हेही विचारतात. घरात दहा-बारा उपकरणं असतील तर घ्या. दोन फोन आणि एक संगणक असेल तर वायफाय ५ चा गिगाबिट राउटर पुरतो.

१०. मळ्यात घर आहे, गावापासून दोन किलोमीटर. फायबरवाले येत नाहीत. सिमचा मोडेम कोणता?

अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या उसाच्या मळ्यांतून हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. पहिलं काम डबा घेण्याचं नव्हे. घरातल्या आणि पाहुण्यांच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवर, घराच्या चारही बाजूंना आणि गच्चीवर सिग्नल मोजा. फोनच्या काड्यांवर विसंबू नका, ‘आरएसआरपी’, म्हणजे सिग्नलची ताकद, आकड्यात दाखवणारं अॅप टाका. उणे ८० ते ९० उत्तम, उणे १०० चालेल, उणे ११० च्या खाली त्रास. ऊस डोक्यावर वाढल्यावर सिग्नल उतरतो, म्हणून शक्य असेल तर उभ्या पिकात मोजा.

मग जी कंपनी जिंकली तिचे बँड (ती वापरते ते लहरींचे पट्टे) डब्याला आहेत का ते बघा. ४जीसाठी बँड १, ३, ५, ८, २८, ४० आणि ४१ असतील तर इथल्या कोणत्याही कंपनीला पुरेल. जिओसाठी ३, ५, ४० महत्त्वाचे. बीएसएनएलचं ४जी ७०० मेगाहर्ट्झवरही आहे, म्हणजे बँड २८, आणि तो लांबवर पोचतो. स्वस्त डोंगलमध्ये नेमका २८ नसतो. जाता जाता, बीएसएनएलच्या या ४जीचा कोअर (मधली मुख्य यंत्रणा) प्रश्न ३ मधल्या त्याच सी-डॉटचा आहे.

बाहेरच्या अँटेनासाठी दोन स्क्रूची सॉकेट असलेला डबा घ्या. नसेल तर गच्चीवर बसवायचा, लॅन केबलमधूनच वीज घेणारा ‘आउटडोअर’ डबा त्याहून चांगला, कारण लांब अँटेना केबलमध्ये सिग्नल वाया जातो.

११. सिमचा राउटर घेतला. काड्या चार, दिवा निळा, पण नेट मधूनच बंद. सिम बेळगावचं, गाव हद्दीवर. काय करायचं?

हा आपल्या सीमाभागाचा खास आजार आहे. टेलिकॉमच्या हिशेबात कर्नाटक एक सर्कल (सेवाक्षेत्र), आणि महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरं. उचगाव, बेक्किनकेरे, बाचीच्या बाजूला चंदगड तालुक्यातल्या शिनोळीकडचा टॉवर मिळतो, कोगनोळीला कागलकडचा, कागवाडला म्हैसाळ-मिरजेकडचा, कणकुंबीच्या पुढे चोर्ल्याकडे गोव्याचा. डबा जवळचा, जोरकस टॉवर पकडतो आणि तो नेमका पलीकडच्या सर्कलचा निघतो. फोनवर बारीक ‘आर’ दिसतो तो यासाठी.

देशातल्या देशात रोमिंगला हल्ली वेगळे पैसे लागत नाहीत, पण पुष्कळ राउटरमध्ये ‘डेटा रोमिंग’ कारखान्यातूनच बंद असतं. मग टॉवर मिळतो, काड्या भरतात, पान काही उघडत नाही. वारा-पाऊस बदलला, अलीकडचा टॉवर मिळाला की आपोआप चालू. लोक डबा दुकानात परत नेतात, दुकान शहरात, तिथे तो व्यवस्थित चालतो आणि दुकानदार तुम्हालाच वेड्यात काढतो.

ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडा. पत्ता डब्याच्या तळाला छापलेला असतो, बहुतेकदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डेटा रोमिंग चालू करा. तरीही दोन टॉवरमध्ये हेलकावे खात असेल तर नेटवर्क ‘मॅन्युअल’ निवडून बघा. यादीत एकाच कंपनीचं नाव दोनदा दिसलं तर गोंधळू नका, दोन सर्कलांचे सांकेतिक क्रमांक वेगळे असतात. दोन्ही एकेक दिवस वापरून जे स्थिर राहील ते ठेवा.

१२. ५जीचा घरगुती डबा घ्यावा का?

५जी देशात १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, पण तुमच्या घरात ते खिडकीपाशी मिळतं की आतही, हे प्रश्न १० सारखंच मोजून ठरवा. स्वतःचा डबा घेत असाल तर बँड एन७८ आणि एन२८ हवेत, आणि जिओचं सिम घालणार असाल तर ‘स्टँडअलोन’ (४जीच्या आधाराशिवायचं ५जी) चालतं असं लिहिलेलं हवं. कंपनी गच्चीवर बसवून देते ते कनेक्शन पत्त्याशी बांधलेलं असतं. सुट्टीत चंदगडच्या घरी नेऊन लावू, असं गृहीत धरू नका.

१३. फायबर घेतलं तर ०८३१ चा जुना नंबर आणि दुकानातलं फॅक्स मशीन जाईल का?

नंबर बहुतेकदा राखता येतो, पण अर्ज देतानाच तसं लिहून द्या, तांब्याची लाइन बंद केल्यावर मागायला जाऊ नका. ओएनटीवर फोनची पिन बसणारं ‘टेल’ किंवा ‘पॉट्स’ सॉकेट हवं. ते नसलेला डबा देत असतील तर बदलून मागा.

फॅक्सचं मात्र सांगता येत नाही. फायबरवर आवाज डेटाच्या पुड्यांतून जातो, आणि १४,४०० च्या वेगाने बोलणाऱ्या फॅक्सला मधली एखादी पुडी हरवलेली चालत नाही. मशीनचा वेग ९६०० किंवा ४८०० वर आणा आणि ओएनटीत ‘टी.३८’ (डेटाच्या पुड्यांतून फॅक्स नेण्याची पद्धत) चालू आहे का विचारा. डायल-अप मोडेमलाही हीच अडचण येते, तो या सॉकेटवर भरवशाचा नाही.

१४. लाइट गेली की नेट जातं. मोठा इन्व्हर्टर घ्यायचा का?

फक्त यासाठी नको. ओएनटी आणि राउटर बहुतेक १२ व्होल्टवर चालतात. त्यासाठी मिळणारा छोटा ‘मिनी यूपीएस’ दोन-चार तास काढतो. अॅडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचा. व्होल्ट नेमके तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. ९ व्होल्टच्या डब्याला १२ लावला तर तो जळू शकतो.

तुमच्याकडे वीज असूनही नेट गेलं तर गल्लीतल्या पेटीची बॅटरी संपलीय. तिथे केबलवाल्याशी बोलणं हाच उपाय, आणि गल्लीतल्या चार घरांनी मिळून बोललं तर लवकर होतं.

१५. वळवाच्या पावसात दोन मोडेम जळाले. फायबर असूनही?

काच वीज नेत नाही, पण तिच्यासोबतची स्टीलची तार नेते. ती तार घराबाहेरच हुकाला बांधून संपवावी, आत पेटीपर्यंत आणू नये. बहुतेक डबे मात्र अॅडॉप्टरच्या वाटेने किंवा लॅन केबलच्या वाटेने जळतात. दोन घरांमधून, गच्चीवरून ओढलेली तांब्याची लॅन केबल या दिवसांत सगळ्यात धोकादायक. ती काढून तिथे फायबर टाका. गडगडाट सुरू झाला की प्लग भिंतीतून उपसा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. घराची अर्थिंग नीट नसेल तर महागडा सर्ज प्रोटेक्टरही कामाचा नाही. आधी अर्थिंग.

१६. मुलाने अमेरिकेतून महागडा मोडेम आणलाय. इथे चालेल?

तो ‘केबल मोडेम’ असेल, म्हणजे मागे डिशच्या केबलसारखं स्क्रूचं सॉकेट असेल, तर इथल्या फायबरवर चालणार नाही. नुसता राउटर असेल तर चालेल. अॅडॉप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय ना ते बघा, आणि वायफायचा देश ‘भारत’ निवडता येतो का तेही. पुणे-मुंबईहून आणलेल्या कंपनीच्या डब्यांबद्दल प्रश्न ६ आणि १७ बघा.

१७. सेकंड-हँड मोडेम स्वस्तात मिळतोय. घ्यावा?

राउटर असेल तर जरूर बघा. ओएनटी किंवा कंपनीचं नाव छापलेला सिमचा डबा असेल तर नको. तो एका कंपनीला बांधलेला असू शकतो, आणि कधी कधी तो विकणाऱ्याचा नसून कंपनीने भाड्याने दिलेलाच असतो. राउटर घेतल्यावर मागचं बारीक बटण दहा सेकंद दाबून कारखाना-स्थितीत आणा, नवं फर्मवेअर टाका आणि अॅडमिनचा पासवर्ड बदला. अॅडॉप्टर मूळ नसेल तर बीआयएसचा शिक्का असलेला नवा घ्या.

१८. सगळं नीट चालतंय, पण मळ्यातला सीसीटीव्ही शहरातून दिसत नाही. कोणता मोडेम घेऊ म्हणजे दिसेल?

बहुतेकदा कोणताही नाही. राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ घरांना वाटून दिलाय. याला सीजीनॅट म्हणतात. १० ने सुरू होणारा पत्ता दिसला तरी बहुतेकदा तेच. अशा लाइनीवर ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ (बाहेरून आलेली मागणी कॅमेऱ्याकडे वळवण्याचं सेटिंग) कितीही वेळा केलं तरी बाहेरून आत येता येत नाही, डबा कितीही भारी असो.

तीन वाटा आहेत. कॅमेऱ्याच्या कंपनीचं क्लाउड अॅप वापरा, ते आतून बाहेर जोडतं म्हणून चालतं. किंवा महिन्याला जादा पैसे देऊन स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) मागा, फायबरवर तो मिळू शकतो, सिमच्या घरगुती प्लॅनवर बहुधा नाही. तिसरी वाट आयपीव्ही६ ची, म्हणजे नव्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांची. लाइन, राउटर आणि कॅमेरा तिघांनाही ते येत असेल तर थेट जोडता येतं, पण मग राउटरचा फायरवॉल बंद ठेवून चालणार नाही आणि कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदलावा लागेल.